क्वार्टरबॅकला मालक निवडू द्या

दर वर्षी एप्रिलच्या शेवटी अमेरिकेत वीस-बावीस वर्षांची काही मुलं नवा सूट घालून, आईवडील, आजी, मैत्रीण अशा सगळ्या गोतावळ्यासह टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर बसतात. पुढची चार वर्षं आपण कोणत्या शहरात राहणार आणि कुणाच्या हाताखाली काम करणार, हे त्यांना तिथं कळतं. विचारलं जात नाही, कळतं. हा नॅशनल फुटबॉल लीगचा ड्राफ्ट. सात फेऱ्या, बत्तीस संघ, मागच्या मोसमात जो संघ सगळ्यात वाईट खेळला त्याला पहिला मान. आयपीएलच्या लिलावाला आपण गुरांचा बाजार म्हणून नाकं मुरडतो, पण तिथं निदान दोन मालक एकाच खेळाडूसाठी हात वर करू शकतात. इथं तेही नाही. एका संघानं नाव पुकारलं की पुढच्या ड्राफ्टपर्यंत त्या मुलाला दुसऱ्या कुणाशी करार करता येत नाही. करार चार वर्षांचा, आणि कितव्या क्रमांकावर नाव आलं त्यावरून रक्कमही जवळपास ठरलेली.

ही पद्धत सगळ्याच खेळाडूंना जाचक आहे. क्वार्टरबॅकच्या बाबतीत मात्र ती जाचक आहेच, शिवाय संघांच्याही तोट्याची आहे. अमेरिकन फुटबॉल पाहणाऱ्यांमध्ये 'यंदा चांगला क्वार्टरबॅक मिळालाच नाही' अशी रड कायम चालू असते. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांतली मुलं मिशिगन किंवा ओहायो स्टेटला शिकायला गेली की त्यांचे आईवडीलही दोन-तीन वर्षांत ही रड शिकतात. मला वाटतं, चांगले क्वार्टरबॅक कमी नाहीत. त्यांना कुठं टाकायचं हे ठरवण्याची रीत चुकीची आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आक्रमण करणाऱ्या अकरा जणांत चेंडू प्रत्येक वेळी ज्याच्या हातात येतो तो क्वार्टरबॅक. समोर पाच धिप्पाड माणसांची भिंत त्याला वाचवते. चेंडू हातात आल्यापासून साधारण अडीच-तीन सेकंदांत त्याला समोरची बचावफळी वाचायची असते, कोण मोकळा होणार हे तो मोकळा होण्याआधीच ओळखायचं असतं आणि तिथं चेंडू फेकायचा असतो. उशीर झाला की सव्वाशे किलोचा माणूस अंगावर. चेंडूसकट पाडलं जाणं म्हणजे सॅक.

या जागेची खरी अडचण अशी, की ती एकच आहे. इतर जागांवरचे खेळाडू सामन्यात आलटून-पालटून येतात. बचावफळीतला चौथा-पाचवा गडीसुद्धा दर सामन्यात वीसेक डाव खेळतो आणि खेळता खेळता शिकतो. क्वार्टरबॅक बदलत नाहीत. पहिला धडधाकट असेल तर दुसरा सतराच्या सतरा सामने हातात फळा घेऊन बाहेर उभा राहतो. बरं, सरावात तरी? मोसम सुरू झाला की सरावाचे जवळजवळ सगळे डाव पहिल्याला दिले जातात, कारण रविवारी तोच खेळणार असतो. दुसऱ्याच्या वाट्याला येतं ते पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या क्वार्टरबॅकचं सोंग. समोर कार्ड धरतात, त्यावर दुसऱ्या संघाचा डाव काढलेला असतो, आणि हा आपल्याच बचावफळीला सराव मिळावा म्हणून तो खेळून दाखवतो. तिसरा नुसता पाहतो. म्हणजे ज्या कामासाठी त्याला नेमलं, ते काम सोडून बाकी सगळं तो आठवडाभर करत असतो.

कॉलेजच्या वरच्या श्रेणीत एकशेतीसहून अधिक संघ आहेत. तितके क्वार्टरबॅक दर शनिवारी खेळतात. व्यावसायिक लीगमध्ये खेळायच्या जागा बत्तीस, आणि त्यातल्याही बहुतेक आधीच भरलेल्या. एखाद्या वर्षी खरोखर रिकाम्या जागा पाच-सहा असतात. त्यात दोन्हीकडचा खेळही सारखा नाही. मैदानावर चेंडू जिथून खेळात येतो त्या खुणांच्या दोन ओळी कॉलेजमध्ये एकमेकींपासून चाळीस फुटांवर असतात, व्यावसायिक मैदानावर साडेअठरा फुटांवर. त्यामुळे कॉलेजमध्ये बऱ्याचदा मैदानाची एक बाजू प्रचंड रुंद आणि दुसरी चिंचोळी होते, रुंद बाजूला मोकळी माणसं सापडतात, आणि कोच त्यावरच आपली सगळी योजना उभारतात. व्यावसायिक मैदानावर ती मोकळी जागा नाहीशी होते. कॉलेजच्या कोचला याचं काहीच वाटत नाही, आणि वाटावं तरी का? त्याची नोकरी शनिवारचा सामना जिंकण्यावर अवलंबून आहे. पोरगा पुढे व्यावसायिक लीगमध्ये टिकेल का, यावर नाही.

थोडक्यात, कॉलेज त्याला पुढच्या कामासाठी तयार करत नाही आणि व्यावसायिक संघ त्याला तयार व्हायला डाव देत नाही. मधली पायरी कुठं आहे? एकेकाळी होती. लीगनं १९९१ साली युरोपात स्वतःची एक वसंत ऋतूतली स्पर्धा सुरू केली होती, पुढे तिला एनएफएल युरोप म्हणू लागले. बाकावरचे क्वार्टरबॅक तिथं पाठवले जात. कर्ट वॉर्नर तिथूनच आला. नॉर्दर्न आयोवा या छोट्या विद्यापीठाचा मुलगा, १९९४ च्या ड्राफ्टमध्ये कुणी नाव घेतलं नाही, ग्रीन बेनं सरावाला बोलावून परत पाठवलं, मग आयोवातल्या किराणा दुकानात रात्रपाळीला फळ्यांवर माल लावण्याचं काम, बंदिस्त मैदानावरच्या अरीना फुटबॉलमध्ये तीन मोसम आणि १९९८ ला ॲम्स्टरडॅम. १९९९ ला सेंट लुईस रॅम्सचा पहिला क्वार्टरबॅक मोसमाआधीच जखमी झाला, वॉर्नर उभा राहिला, त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. ही गोष्ट अमेरिकेत जिद्दीची कहाणी म्हणून सांगतात. मला त्यात दुसरंच दिसतं. त्याला ॲम्स्टरडॅममध्ये रोज पहिल्या संघाबरोबर खरे डाव खेळायला मिळाले होते. २००७ च्या मोसमानंतर लीगनं ती स्पर्धा तोट्याचं कारण देऊन बंद केली. अब्जावधी डॉलरचे टीव्ही करार खिशात असलेल्या धंद्यानं आपलं प्रशिक्षण केंद्र तोट्यात आहे म्हणून मोडीत काढावं, हा हिशेब मला कधी पटला नाही.

आता ड्राफ्टकडे येऊ. त्याच्या बाजूचा मोठा युक्तिवाद समतोलाचा. दुबळ्या संघाला पहिली निवड दिली नाही तर सगळे चांगले खेळाडू न्यूयॉर्क-डॅलसला जातील आणि ग्रीन बेसारख्या लाखभर वस्तीच्या गावातला संघ मरेल, असं सांगतात. १९३५ मध्ये फिलाडेल्फियाचे मालक बर्ट बेल यांनी ही कल्पना मांडली तीच मुळी स्वतःचा संघ सतत हरत होता म्हणून. (१९३६ च्या पहिल्या ड्राफ्टमधली पहिली निवड जे बर्वँगर, पगारावर जमलं नाही म्हणून व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना खेळला नाही. म्हणजे पहिल्याच माणसानं या पद्धतीला नकार दिला होता.)

समतोलाचा हा मुद्दा इतर जागांना लागू असेलही. क्वार्टरबॅकला तो लागू होत नाही, आणि कारण पुन्हा तेच, जागा एक आहे. उद्या ड्राफ्ट बंद केला तर कोणता होतकरू क्वार्टरबॅक कॅन्सस सिटीला जाऊन पॅट्रिक महोम्सच्या मागे चार वर्षं फळा धरून उभा राहील? ज्याला खेळायचंय तो जिथं जागा रिकामी आहे तिथंच जाईल, आणि जागा रिकामी असते ती दुबळ्या संघात. शिवाय १९९४ पासून प्रत्येक संघाच्या एकूण पगारखर्चाला कमाल मर्यादा आहे. श्रीमंत मालक सगळं विकत घेऊ शकत नाही. समतोल राखण्याचं काम ती मर्यादा करतेच आहे.

उलट ड्राफ्टमुळे होतं काय, तर सर्वात आश्वासक पोराला सर्वात मोडक्या घरात पाठवलं जातं, आणि ते घर मोडकं का आहे याचा विचार त्याच्या वतीनं कुणी करत नाही. डेव्हिड कार २००२ मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. ह्यूस्टन टेक्सन्स हा संघच त्या वर्षी जन्माला आला होता, समोरची भिंत तकलादू. पहिल्या मोसमात कार ७६ वेळा पाडला गेला. तो विक्रम आजही कायम आहे. नंतर तो दहाएक वर्षं लीगमध्ये इकडेतिकडे राहिला, पण धडपणे सावरला नाही. आजही ड्राफ्टमधल्या फसलेल्या निवडींच्या यादीत त्याचं नाव येतं. फसलं कोण?

२०२३ मध्ये अलाबामाचा ब्राइस यंग पहिल्या क्रमांकावर कॅरोलिना पँथर्सकडे गेला. त्याला मिळवण्यासाठी कॅरोलिनानं शिकागोला पुढच्या वर्षाची पहिल्या फेरीतली निवड तर दिलीच, वर डी. जे. मूर हा आपला सर्वोत्तम रिसीव्हरही देऊन टाकला. म्हणजे चेंडू फेकणारा आणला आणि झेलणारा विकला. कोच फ्रँक राइक यांना अकरा सामन्यांनंतर काढलं. यंग त्या मोसमात साठाहून जास्त वेळा पाडला गेला आणि दुसऱ्या मोसमात दोनच सामन्यांनंतर त्याला बाकावर बसवलं. पुढे तो परत आला आणि बरा खेळला, ते श्रेय त्याचं. पण या काळात टीव्हीवरच्या तज्ज्ञांची चर्चा कशावर होती? त्याच्या उंचीवर.

सगळ्यात बोलकी तुकडी २०१८ ची. पहिल्या फेरीत पाच क्वार्टरबॅक. बेकर मेफील्ड पहिल्या क्रमांकावर क्लीव्हलँडला. चार मोसमांत त्याला हंगामी धरून चार मुख्य कोच मिळाले, मग विकला, मग दुसऱ्या संघानं मोसमाच्या मध्यात सोडून दिला. सॅम डार्नल्ड तिसऱ्या क्रमांकावर न्यूयॉर्क जेट्सकडे, तिथं त्याची अशी दशा झाली की तीन वर्षांत त्यांनी त्याला कॅरोलिनाला देऊन टाकलं. जोश रोझेन दहावा, ॲरिझोनाला. त्याच मोसमात आक्रमणाचा कोच गेला, मोसम संपताच मुख्य कोच गेला, नवा कोच आला आणि त्यानं पुढच्या ड्राफ्टमध्ये आपल्या पसंतीचा कायलर मरे घेतला. रोझेन एका वर्षात मायामीला. यातले दोघं बुडाले, एक वाहून गेला, असाच निकाल २०२२ पर्यंत लागला होता. मग मेफील्ड टँपा बेला गेला, स्वतः निवडून, कमी पैशांत, जिथं आपल्याला खेळवतील अशा ठिकाणी. तिथं बाद फेरीचा सामना जिंकला आणि तीन वर्षांचा दहा कोटी डॉलरचा करार मिळवला. डार्नल्ड एक वर्ष सॅन फ्रान्सिस्कोत बाकावर बसून शिकला, मग मिनेसोटाला गेला. तिथला कोच केविन ओकॉनेल स्वतः कधीकाळी क्वार्टरबॅक. २०२४ च्या मोसमात डार्नल्डनं सतरापैकी चौदा सामने जिंकून दिले. या दोघांचा हात तोच, डोकं तेच. बदललं ते एवढंच, की आता कुठं जायचं हे त्यांनी ठरवलं होतं.

यावर कुणी म्हणेल, वय वाढलं, अनुभव आला. खरंय, तेही असणार. पण मग त्या अनुभवाची पहिली चार वर्षं अशा घरात का जावीत, जिथं शिकवणारा माणूस दर वर्षी बदलतो?

ज्यांच्या हातात काही बळ होतं त्यांनी हे आधीच ओळखलं होतं. १९८३ मध्ये स्टॅनफर्डच्या जॉन एल्वेनं बाल्टिमोरला सरळ सांगितलं, मी तुमच्याकडे खेळणार नाही. तो हे म्हणू शकला कारण न्यूयॉर्क यँकीजनं त्याला बेसबॉलसाठी करारबद्ध केलेलं होतं. बाल्टिमोरनं त्याला डेन्व्हरला दिलं. २००४ मध्ये ईली मॅनिंगनं सॅन डिएगोला नकार दिला. त्याचे वडील आर्ची मॅनिंग स्वतः क्वार्टरबॅक, न्यू ऑर्लिन्सच्या सतत हरणाऱ्या संघात त्यांची उमेदीची वर्षं मार खाण्यात गेली होती. वाईट संघ माणसाचं काय करतो हे त्या घराला पुस्तकातून वाचावं लागलं नव्हतं. एल्वे आणि ईली, दोघांनीही पुढे दोन-दोन सुपर बोल जिंकले. तेव्हा या दोघांना गर्विष्ठ म्हटलं गेलं. मला ते शहाणे वाटतात. आक्षेप एवढाच, की हा शहाणपणा दाखवायला दुसऱ्या खेळातला करार किंवा नामवंत बाप लागतो. टेक्सासच्या एखाद्या लहान गावातल्या मुलाकडे दोन्ही नसतं.

निवड स्वतःच्या हातात असली की काय होतं याचा सगळ्यात सुंदर दाखला टोनी रोमोचा आहे. ईस्टर्न इलिनॉयचा हा मुलगा २००३ च्या ड्राफ्टच्या सातही फेऱ्यांत कुणी घेतला नाही. गंमत पाहा, ज्याला कुणीच घेत नाही तो मोकळा असतो, त्याला वाटेल त्या संघाशी बोलता येतं. रोमोला डेन्व्हर जास्त पैसे देत होतं. तो डॅलसला गेला, कारण तिथं पुढच्या दोन-तीन वर्षांत जागा निघेल असा त्याचा अंदाज होता, आणि तिथले साहाय्यक कोच शॉन पेटन त्याच्याच कॉलेजचे माजी क्वार्टरबॅक होते. तीन मोसम त्यानं सामन्यात एकही चेंडू फेकला नाही. २००६ च्या मध्यावर जागा निघाली आणि पुढची जवळजवळ दहा वर्षं ती त्याची राहिली. सातव्या फेरीत एखाद्या संघानं उगाच म्हणून त्याचं नाव घेतलं असतं तर हा विचार करायची सोयच उरली नसती. म्हणूनच एजंट लोक खासगीत मान्य करतात, की शेवटच्या फेरीत नाव येण्यापेक्षा न आलेलं बरं. ज्या व्यवस्थेत निवडलं जाण्यापेक्षा नाकारलं जाणं फायद्याचं ठरतं, तिच्या रचनेत काहीतरी उलटं झालेलं असतं.

इथं ब्रॉक पर्डीचं नाव निघणारच. आयोवा स्टेटकडून चार वर्षं खेळलेला हा क्वार्टरबॅक २०२२ च्या ड्राफ्टमध्ये शेवटचा, २६२ वा. दोन वर्षांत तो सॅन फ्रान्सिस्कोला सुपर बोलमध्ये घेऊन गेला. तेव्हा व्यवस्था गुणी माणसाला शोधतेच की, असं म्हणतात. पर्डी कसा पुढे आला ते बघा. त्याच संघानं आदल्या वर्षी तिसऱ्या क्रमांकावर ट्रे लान्सला घेण्यासाठी पहिल्या फेरीच्या तीन निवडी मोजल्या होत्या. लान्स दुसऱ्याच सामन्यात घोटा मोडून बसला. मग जिमी गॅरोपोलो आला, डिसेंबरमध्ये त्याचा पाय मोडला. तेव्हा कुठं पर्डी. दोन माणसांची हाडं मोडल्यावर ज्याची गुणवत्ता दिसते, त्याला शोधलं म्हणायचं की तो सापडला म्हणायचं? टॉम ब्रेडी १९९ वा, तोही २००१ मध्ये ड्रू ब्लेडसो जबर जखमी झाल्यावर उभा राहिला. वॉर्नरचं वर आलंच. इतक्या मोठ्या धंद्यात इतक्या वेळा अपघातानंच दार उघडत असेल, तर ज्यांच्या पुढचा माणूस जखमी झालाच नाही असे किती पर्डी विमा विकत असतील, असा प्रश्न पडतो. आणि लान्सचं काय? नॉर्थ डकोटा स्टेटकडून त्याचा एकच पूर्ण मोसम झाला होता, दुसरा करोनानं खाल्ला. त्याला खेळायला हवं होतं, नेमकं तेच मिळालं नाही. २०२३ मध्ये चौथ्या फेरीच्या एका निवडीच्या बदल्यात त्याला डॅलसला देऊन टाकलं.

आणखी एक. सुपर बोलच्या त्या मोसमात पर्डीचा पगार होता आठ लाख सत्तर हजार डॉलर. त्याच लीगमधले आघाडीचे क्वार्टरबॅक तेव्हा वर्षाला पाच कोटी मिळवत होते. ड्राफ्टमधून आलेल्या खेळाडूला तीन मोसम होईपर्यंत नव्यानं करार मागताही येत नाही. २०२५ मध्ये त्याला पाच वर्षांचे साडेसव्वीस कोटी डॉलर मिळाले, त्याचं भलं झालं. पण फुटबॉलमध्ये तीन मोसम धड राहण्याची हमी कुणाला आहे? २०२३ च्या जानेवारीत त्याच्याच फेकणाऱ्या हाताच्या कोपराचा स्नायुबंध फाटला होता.

निवड नाकारण्याचा दुसरा प्रकार जुना आणि जास्त कुरूप आहे, तो म्हणजे 'तू क्वार्टरबॅक नाहीस' असं सांगणं. वॉरन मून वॉशिंग्टन विद्यापीठाचा, रोझ बोल या कॉलेज फुटबॉलच्या मानाच्या सामन्यात १९७८ चा सर्वोत्तम खेळाडू. तो कृष्णवर्णीय होता, आणि तेव्हा समजूत अशी की कृष्णवर्णीयानं धावावं, झेलावं. डोक्याचं काम त्याचं नव्हे. त्यानं जागा बदलायला नकार दिला, ड्राफ्टच्या तेव्हाच्या बारा फेऱ्यांत त्याचं नाव आलं नाही, तो कॅनडात एडमंटनला गेला आणि तिथं लागोपाठ पाच वर्षं ग्रे कप, म्हणजे कॅनडाच्या लीगचं विजेतेपद, जिंकला. १९८४ मध्ये ह्यूस्टननं त्याला बोलावलं. आज तो हॉल ऑफ फेममध्ये आहे. जुनी गोष्ट म्हणून सोडून द्यावी तर २०१८ मध्ये लमार जॅक्सनला, तेही कॉलेजमधल्या सर्वोत्तम खेळाडूची हाइजमन ट्रॉफी जिंकलेल्या मुलाला, बिल पोलियन यांच्यासारख्या मातब्बर माजी व्यवस्थापकानं रिसीव्हर व्हायचा सल्ला दिला. जॅक्सननं निवडचाचणीत पळण्याची शर्यतच टाळली, म्हणजे वेगाचा आकडा दाखवून कुणी त्याला दुसरीकडे ढकलायला नको. बत्तिसावा आला. एका वर्षानं तो एकमतानं लीगचा सर्वोत्तम खेळाडू होता. जागा बदलून भलं झालेलेही आहेत, केंट स्टेटचा क्वार्टरबॅक जूलियन एडलमन न्यू इंग्लंडमध्ये रिसीव्हर झाला आणि सुपर बोलचा मानकरी ठरला. बदल वाईट असतो असं मी म्हणत नाही. तो कुणी ठरवायचा, एवढाच वाद आहे.

माझ्या मताला सर्वात मोठा आधार मिळतो तो कॉलेजातून. गेल्या काही वर्षांत कॉलेज खेळाडूंना एक विद्यापीठ सोडून दुसरीकडे जाणं फार सोपं झालं, आणि २०२१ पासून आपलं नाव आणि चेहरा जाहिरातींत वापरू देण्याचे पैसेही मिळू लागले. जुनी मंडळी कपाळाला हात लावून बसली आहेत, निष्ठा संपली म्हणतात. क्वार्टरबॅकचं मात्र काय झालं ते पाहा. २०१८ ते २०२५ या आठ ड्राफ्टमध्ये सात वेळा पहिली निवड क्वार्टरबॅकची झाली, आणि त्या सातपैकी पाच जणांनी कॉलेज बदललेलं होतं. मेफील्ड, मरे, जो बरो, केलेब विल्यम्स, कॅम वॉर्ड. बरो ओहायो स्टेटला बाकावर होता, लुइझियाना स्टेट विद्यापीठाला (एलएसयू) गेला आणि २०१९ मध्ये त्यानं साठ टचडाउन फेकले. वॉर्डची कहाणी तर थेट आपल्या मुद्द्याची. शाळेत त्याचा संघ चेंडू फेकायचाच नाही, फक्त धावायचा. मोठ्या विद्यापीठांनी ढुंकून पाहिलं नाही, सॅन अँटोनियोच्या इन्कार्नेट वर्डनं घेतलं. तिथून वॉशिंग्टन स्टेट. मग तो २०२४ च्या ड्राफ्टला उभा राहिला, आपला भाव पाहिला, नाव मागे घेतलं आणि आणखी एक वर्ष शिकायला मायामी विद्यापीठात गेला. २०२५ मध्ये टेनेसीनं त्याला पहिल्या क्रमांकावर घेतलं. कधी शिकायचं, कुणाकडे शिकायचं, हे एका मुलानं स्वतः ठरवलं तर काय होतं, ते यात आहे. कॉलेज बदलून विस्मरणात गेलेले कितीतरी असतील, आणि जे मुळात चांगले तेच बदलायला धजतात असंही म्हणता येईल. तरीही पाच आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

आणि मग हाच मुलगा, ज्यानं तीन वेळा आपला कोच अचूक निवडला, व्यावसायिक होताच त्याचा निवडीचा हक्क काढून घेतला जातो. शिकताना मोकळीक आणि कमावताना वेठ, अशी ही उलटी गंगा.

मग करायचं काय? ड्राफ्ट एका झटक्यात बंद होणार नाही, तो आता स्वतःच एक टीव्ही कार्यक्रम झालाय. पण तो तीन फेऱ्यांवर आणता येईल. चौथीपासून सातवीपर्यंतच्या दीडशेएक मुलांना रोमोसारखं मोकळं सोडावं, त्यांनी पाच संघांशी बोलावं, पुढे कोण आहे, कोच किती दिवसांचा आहे हे बघून ठरवावं. पहिल्या तीन फेऱ्यांतल्या क्वार्टरबॅकला एक कलम हवं: ज्या मुख्य कोचच्या हाताखाली त्याला घेतलं तो पहिल्या दोन वर्षांत गेला, तर खेळाडूलाही जायची मुभा. कॉलेजमध्ये कोच गेला की खेळाडूंना बदलीची खास मुदत मिळतेच. मालक यावर हादरतील, पण या कलमाचा खरा उपयोग असा, की कोचला अकरा सामन्यांत हाकलण्याआधी ते दोनदा विचार करतील. आणि वसंत ऋतूतली स्पर्धा पुन्हा हवी, लीगच्या पैशानं, जिथं प्रत्येक संघाचा दुसरा-तिसरा क्वार्टरबॅक दहा सामने खेळेल. खासगी गुंतवणूकदारांनी चालवलेल्या अशा लीग दर काही वर्षांनी निघतात आणि बुडतात. २०१९ ची एएएफ तर मोसमही पूर्ण करू शकली नाही. बत्तीस मालकांना जे परवडतं ते त्यांना परवडत नाही.

बाकावर बसूनही माणूस शिकतो, आरन रॉजर्स तीन वर्षं बसला आणि महोम्स एक, असं यावर उत्तर येईल. बसले खरे. पण ग्रीन बे आणि कॅन्सस सिटीत त्या वेळी पुढे ब्रेट फार्व्ह आणि ॲलेक्स स्मिथसारखी जाणती माणसं होती. चांगल्या घरात वाट पाहण्याला मी शिक्षणच म्हणेन. त्या दोघांना ते नशिबानं मिळालं, स्वतः निवडून नाही.

हे बदल अडतात ते कायद्याच्या एका गाठीवर. १९७८ मध्ये एका अपील न्यायालयानं यॅझू स्मिथ या माजी खेळाडूच्या खटल्यात, तेव्हाचा ड्राफ्ट स्पर्धेला मारक आणि बेकायदा ठरवला होता. आजचा ड्राफ्ट टिकून आहे तो खेळाडूंच्या संघटनेनं मालकांशी केलेल्या सामूहिक करारात त्याला मान्यता दिली आहे म्हणून. २००४ मध्ये मॉरिस क्लॅरेट या कॉलेज खेळाडूनं, शाळा सुटल्यावर तीन वर्षं थांबण्याच्या अटीला आव्हान दिलं, तेव्हा अपील न्यायालयाचा निकाल सोनिया सोटोमायॉर यांनी लिहिला, त्या पुढे सर्वोच्च न्यायालयात गेल्या. निकालाचा रोख असा, की संघटनेनं केलेला करार उद्या येणाऱ्या कामगारालाही बांधतो. कायद्यानं बरोबर असेल. व्यवहारात याचा अर्थ असा की आत बसलेले खेळाडू बाहेर उभ्या असलेल्यांच्या अटी ठरवतात, आणि नवख्याला दिलेला प्रत्येक डॉलर जुन्याच्या खिशातून जातो. २०१० मध्ये पहिल्या क्रमांकाच्या सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांचे ७ कोटी ८० लाख डॉलर मिळाले. २०११ च्या करारात नवख्यांच्या पगाराला कात्री लागली आणि त्या वर्षीच्या कॅम न्यूटनला चार वर्षांचे सुमारे २ कोटी २० लाख. त्या वाटाघाटीत न्यूटनच्या बाजूनं बोलायला कोण बसलं होतं?

याचं भान सगळ्यात आधी आलं तेही एका क्वार्टरबॅकलाच. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या केन कोल्टरनं २०१४ मध्ये कॉलेज खेळाडूंची कामगार संघटना उभी करण्यासाठी अर्ज केला. कामगार मंडळाच्या शिकागोतल्या अधिकाऱ्यानं खेळाडू हे कर्मचारी आहेत असा निर्णय दिला, मतदानही झालं, पण मतपेट्या मोहोरबंद राहिल्या, आणि २०१५ मध्ये राष्ट्रीय मंडळानं हा विषय आपल्या कक्षेत घ्यायला नकार दिला. कोल्टरचं नाव त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये आलं नाही. मिनेसोटानं त्याला बोलावलं, रिसीव्हर म्हणून.

तेव्हापासून पायाखालची जमीन सरकली आहे. २०२५ च्या जूनमध्ये मंजूर झालेल्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देतात, पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत. पगार देणारा आहे, घेणारा आहे, तेव्हा कर्मचारी नाहीत हे सोंग फार काळ चालणार नाही. लीगचा सध्याचा सामूहिक करार २०३० च्या मोसमापर्यंत आहे. आज शाळेत असलेले क्वार्टरबॅक त्यानंतरच्या करारानं बांधले जातील. तोवर कॉलेज खेळाडूंची संघटना उभी राहिली तर तिनं पहिली मागणी पगाराची न करता तिसऱ्या फेरीनंतरच्या फेऱ्या रद्द करण्याची करावी. मालकांना ती स्वस्तात देता येण्यासारखी आहे, आणि जुन्या खेळाडूंच्या खिशाला तिचा धक्का लागत नाही, म्हणून ती मिळण्याची शक्यताही जास्त.